मूठभर माती



नोव्हेंबर हा महिना आपण मृतांच्या आत्म्यांसाठी राखून ठेवतो. २ तारखेला कबरस्थानात मिस्सा होईल, मेणबत्त्या लागतील, आणि सुट्टी मिळाली तर पुण्या-मुंबईला गेलेली मुलेही आईवडिलांच्या कबरीवर फुले ठेवायला येतील. दर वर्षी या दिवसांत मी शुद्धिस्थानाविषयी किंवा मृतांसाठी करायच्या प्रार्थनेविषयी लिहितो. यंदा एका चित्रपटाविषयी लिहीत आहे. फादर विषय सोडून भरकटले असे वाटले तर मिस्सानंतर दारात अवश्य सांगा. तसे सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, देवाची कृपा!

चित्रपटाचे नाव 'अँटिगनी'. कॅनडातल्या सोफी देरास्प या दिग्दर्शिकेने तो २०१९ साली काढला. भाषा फ्रेंच, खाली इंग्रजी अक्षरे. त्या वर्षीच्या टोरांटो महोत्सवात तो सर्वोत्तम कॅनडियन चित्रपट ठरला. कथा माँट्रियल शहरातल्या एका निर्वासित कुटुंबाची आहे. आईवडील मायदेशी मारले गेलेले. आजीने दोन नातू आणि दोन नाती घेऊन परमुलखात संसार मांडलेला. अँटिगनी ही शाळेत हुशार, अबोल मुलगी. एके दिवशी बागेत मुले फासे खेळत असताना पोलीस येतात, झटापट होते, आणि तिचा भाऊ इटिओक्लिस गोळी लागून मरतो. त्याच्या हातात फक्त मोबाइल होता. दुसरा भाऊ पॉलिनायसिस पकडला जातो. हा काही साधा मुलगा नव्हे. वाईट टोळीत फिरणारा, अंगावर आधीचे गुन्हे असलेला, आणि त्या देशाचे नागरिकत्व नसलेला. म्हणजे आधी तुरुंग आणि मग देशाबाहेर. अँटिगनी आपले केस कापते, भावासारखे गोंदण अंगावर करते, आजीबरोबर तुरुंगात भेटीला जाते आणि भावाला बाहेर पाठवून स्वतः आत बसते.

२००८ साली माँट्रियलच्या एका बागेत पोलिसांच्या गोळीने १८ वर्षांचा एक तरुण खरोखरच मारला गेला होता. त्या घटनेतून दिग्दर्शिकेला हा चित्रपट सुचला. पण गोष्टीचा सांगाडा तिचा नाही. तो सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्स नगरात सोफोक्लिस नावाच्या नाटककाराने उभा केला. पु. ल. देशपांडे यांनी ज्या राजाची शोकांतिका 'राजा ओयदिपौस' या नावाने मराठीत आणली, त्याचीच ही मुलगी. आपल्याकडच्या रंगभूमीला हे ग्रीक लोक परके नाहीत. पुण्यात जन्मलेल्या आणि तिथल्या सेंट व्हिन्सेंट शाळेत शिकलेल्या इब्राहिम अल्काझी यांनी मुंबईत ग्रीक शोकांतिका कितीतरी आधी करून दाखवल्या होत्या.

मूळ नाटकात पोलीस नाहीत, तुरुंगाची भेट नाही. तिथे दोघेही भाऊ मेलेले आहेत. थीब्स नगराच्या गादीसाठी ते एकमेकांशी लढले आणि एकमेकांच्या हातून पडले. इटिओक्लिस नगराच्या बाजूने लढला; पॉलिनायसिस परक्यांची फौज घेऊन स्वतःच्याच गावावर चालून आला. मामा क्रिऑन राजा झाला आणि त्याने हुकूम काढला, की इटिओक्लिसला मानाने माती द्या, पॉलिनायसिस मात्र उघड्यावर पडू दे. कुत्री-गिधाडे खातील तर खाऊ देत. जो त्याला पुरील त्याला मरण. अँटिगनी बाहेर जाते आणि भावाच्या प्रेतावर माती टाकते. खड्डा नाही, पेटी नाही, मूठभर कोरडी माती.

आपल्या मराठीत हे समजावून सांगावे लागत नाही. आपण 'मातीला जाऊन आलो' म्हणतो. 'त्याला मूठमाती मिळाली' म्हणतो. हिंदू शेजारी दहन करतात, तरी गावाकडे तेही 'मातीला' जातात. कबरीच्या काठाशी उभे राहून प्रत्येकाने मूठभर माती आत टाकायची, लहान मुलाच्या हातातही चिमूटभर द्यायची, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. ग्रीक नाटक वाचताना मला नेहमी वाटते, की ही मुलगी नेवाशाच्या किंवा राहुरीच्या एखाद्या वस्तीवर सहज ओळखली जाईल.

आता क्रिऑनची बाजूही ऐकली पाहिजे. सेमिनरीत आम्हाला हेगेल शिकवताना हे नाटक यायचे. हेगेल म्हणतो, की इथे चांगले आणि वाईट यांची लढाई नाही, दोन खऱ्या हक्कांची टक्कर आहे. घराचा धर्म आणि नगराचा धर्म. हे अर्धे खरे आहे. क्रिऑन सुरुवातीला राक्षस नसतो. नगर नुकतेच युद्धातून वाचले आहे, गल्लोगल्ली सुतक आहे. गावावर चाल करून येणाऱ्याला आणि गावासाठी मरणाऱ्याला सारखाच मान दिला, तर उद्या गावासाठी कोण मरेल? ज्याचा मुलगा त्या लढाईत पडला, त्या बापाला जाऊन विचारा. सरपंच असो, संचालक असो, धर्मगुरू असो, ज्याच्यावर दहा माणसांची जबाबदारी आहे त्याला क्रिऑन आतून कळतो. शिस्त मोडली की सगळे मोडेल ही भीती खोटी नसते.

तरीही हेगेलशी मी पूर्ण सहमत होऊ शकलो नाही. क्रिऑनचा अधिकार जिवंत माणसांवर आहे. तो पॉलिनायसिसला हद्दपार करू शकला असता, कैद करू शकला असता, त्याच्याशी लढू शकला असता, आणि लढलाच. पण माणूस मेल्यावर त्याच्या शरीराला शिक्षा करायची, म्हणजे तो माणूस होता हेच नाकारायचे. तिथे राजाचे राज्य संपते. संत थॉमस अक्वायनस कायद्याविषयी फार सांभाळून बोलतो. अन्यायी कायदा विवेकाला बांधत नाही असे तो म्हणतो; पण तो कायदा फक्त आपल्यालाच त्रास देणारा असेल, तर समाजात मोठा गोंधळ टाळण्यासाठी कधी कधी सोसावे असेही म्हणतो. जो कायदा देवाने दिलेल्या गोष्टीवरच हात टाकतो, तो मात्र पाळायचाच नाही. क्रिऑनचा हुकूम मी या शेवटच्या खणात टाकतो.

आपल्या मातीतही हा विचार जुना आहे. रामायणात रावण पडल्यावर बिभीषण त्याचे अंत्यसंस्कार करायला कचरतो. भाऊ असला तरी पापी होता, असे त्याचे म्हणणे. राम त्याला सांगतो, की वैर मरणापाशी संपले, आता तो जसा तुझा तसा माझा. म्हणजे इथे राजाच अँटिगनीच्या बाजूने बोलतो! महाभारताच्या युद्धानंतर युधिष्ठिर दोन्ही बाजूंच्या मृतांना अग्नी देण्याची व्यवस्था करतो. ज्यांचे कोणी उरले नव्हते त्यांनाही. १६५९ मध्ये मारला गेलेला अफझलखान प्रतापगडाच्या पायथ्याशी कबरीत आहे, कुत्र्या-गिधाडांच्या तोंडी नाही.

उलटचे उदाहरणही आपल्याच जिल्ह्यातून सुरू होते. १६८९ साली छत्रपती संभाजी महाराजांना पकडून श्रीगोंदा तालुक्यात भीमेकाठी पेडगावच्या बहादूरगडावर औरंगजेबाच्या छावणीत आणले, त्यांची धिंड काढली, आणि ११ मार्चला हाल करून मारले. देहाचे तुकडे टाकून दिले गेले. परंपरा सांगते, की बादशहाच्या भीतीने कोणी हात लावेना, तेव्हा वढू बुद्रुकच्या गावकऱ्यांनी ते तुकडे गोळा करून अंत्यसंस्कार केले. त्यात गोविंद गोपाळ महार यांचे नाव सांगतात, गावच्या शिवले घराण्याचे सांगतात. हे नेमके कोणी केले यावरून आजही वाद आहे, आणि २०१७ च्या डिसेंबरअखेर त्यावरून वढूत तणाव झाला. वादात मी शिरत नाही. पण वाद कशाचा आहे ते पाहा. तीनशे वर्षांहून जास्त काळ लोटल्यावर माणसे भांडतात ती बादशहाचा हुकूम पाळण्याच्या मानासाठी नव्हे, मोडण्याच्या मानासाठी. क्रिऑनचे वारस म्हणवून घ्यायला कोणी पुढे येत नाही.

आणि तोच बादशहा १७०७ साली इथेच, नगरजवळ भिंगारला मेला. त्याला खुलताबादला नेऊन साध्या, उघड्या कबरीत पुरले. २०२५ च्या मार्चमध्ये ती कबर काढून टाकावी अशी मागणी उठली आणि नागपुरात दंगल झाली. माझे मत विचाराल तर, संभाजी महाराजांच्या देहाची विटंबना ज्याला खुपते, त्याने दुसऱ्या कोणाच्या थडग्याला हात लावायचा नसतो. वैऱ्याच्याही नाही. अँटिगनीचे म्हणणे नेमके इथेच कठीण होते. माझा भाऊ चांगला होता, असे ती कधीच म्हणत नाही.

पवित्र शास्त्रात अँटिगनीची एक बहीण आहे, तिची आठवण आपण फार कमी काढतो. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात एकविसाव्या अध्यायात रिस्पा नावाची बाई येते. शौल राजाच्या जुन्या अपराधाची भरपाई म्हणून त्याच्या वंशातले सात पुरुष गिबोनी लोकांच्या हवाली केले जातात. त्यांत रिस्पाचे दोन मुलगे असतात. सातही जणांना डोंगरावर मारून तसेच ठेवतात. रिस्पा खडकावर गोणपाट अंथरते आणि बसते. कापणीच्या सुरुवातीपासून पाऊस पडेपर्यंत. दिवसा पाखरे हाकते, रात्री जनावरे हाकते. ती भाषण करत नाही, राजाकडे अर्ज करत नाही. आणि तिच्याकडे फक्त तिचे दोन नव्हते, सातही प्रेते होती. राखण तिने सगळ्यांचीच केली. ही गोष्ट दावीद राजाच्या कानी जाते. त्याला काहीतरी उमगते. तो शौल आणि योनाथान यांची अस्थी आणवतो, या सातांचीही गोळा करवतो, आणि शौलाच्या बापाच्या कबरीत त्यांना माती देतो. दावीदही राजाच होता, चुकाही त्याने क्रिऑनपेक्षा कमी केल्या नव्हत्या. फरक एवढाच, की खडकावर बसलेल्या एका बाईकडून तो शिकला आणि वेळेत शिकला. क्रिऑनला शहाणपण येते ते उशिरा. तेव्हासुद्धा तो आधी प्रेत पुरायला जातो आणि मग जिवंत कोंडलेल्या मुलीला सोडवायला. तोवर तिने गळफास घेतलेला असतो. आधी जिवंत मुलीकडे गेला असता तर? हा प्रश्न मला दर वेळी छळतो.

तोबीतचे पुस्तक आपल्या कॅथलिक बायबलमध्ये आहे. आपल्या प्रॉटेस्टंट भावंडांच्या बायबलमध्ये ते सापडणार नाही. निनवे शहरात राजा माणसे मारून कोटाबाहेर फेकतो आणि तोबीत त्यांना चोरून पुरतो. चुगली होते, मालमत्ता जप्त होते, पळावे लागते. परत आल्यावर सणाच्या दिवशी ताटावर बसला असताना बाजारात एक प्रेत पडल्याचे कळते. तो जेवण टाकून उठतो. शेजारी हसतात, की एकदा एवढे भोगले तरी याला अक्कल आली नाही. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू येशू भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी अशी सहा कामे सांगतो. मृतांना माती देणे त्यात नाही. ते सातवे काम ख्रिस्तसभेने पुढे जोडले आणि दयेची शारीरिक कृत्ये सात झाली. त्यामागे या तोबीतचा मोठा वाटा आहे.

हे सगळे जुने झाले असे कोणाला वाटेल. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने परिपत्रक काढले, की करोनाने मेलेल्याचा धर्म कोणताही असो, दहनच करायचे. ते त्याच दिवशी बदलावे लागले. पुढच्या महिन्यात चेन्नईत रुग्णांची सेवा करणाऱ्या एका डॉक्टरचे करोनाने निधन झाले. त्याचे शव नेणाऱ्या गाडीवर जमावाने दगडफेक केली. अखेर सहकारी डॉक्टरने रात्री दुसरीकडे नेऊन, स्वतः माती लोटून त्याला पुरले. त्याच्या पत्नीने आपल्या कबरस्थानात त्याला आणण्यासाठी न्यायालयात धाव घेतली आणि २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिचे म्हणणे मान्य केले. वांद्र्यात कबरस्थानाजवळच्या काही रहिवाशांनी करोनाच्या मृतांचे दफन तिथे नको म्हणून याचिका केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २२ मे २०२० रोजी ती फेटाळली. सन्मानाने अंत्यसंस्कार होणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने मानले. मेलेल्या माणसालाही जगण्याच्या हक्कातला वाटा आहे! तत्त्वज्ञानाच्या वर्गात हे वाक्य कोणी लिहिले असते तर मास्तरांनी लाल रेघ मारली असती. पण ते खरे आहे.

छत्तीसगडच्या बस्तर भागातले प्रकरण अधिक दुखरे आहे. ७ जानेवारी २०२५ रोजी तिथल्या एका ख्रिस्ती पाळकाचे निधन झाले. मुलाला बापाला गावातच माती द्यायची होती, जिथे घरातली आधीची माणसे पुरलेली होती. गावकऱ्यांनी विरोध केला. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि तेवढे दिवस प्रेत शवागारात. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींची मते दुभंगली. एकीचे म्हणणे, की कुटुंबाच्या खासगी जमिनीत पुरू द्यावे. दुसऱ्याचे, की ख्रिस्ती लोकांसाठी नेमलेल्या जागेतच. शेवटी आणखी वेळ जाऊ नये म्हणून, वीस-पंचवीस किलोमीटर दूरच्या गावातल्या ख्रिस्ती कबरस्थानात दफन करण्याचा आदेश झाला. कायदा-सुव्यवस्थेचे कारण खोटे होते असे मी म्हणत नाही. पण वीस दिवस बापाला माती न देता आलेल्या मुलाला काय वाटले असेल, हे आपल्या धर्मग्रामातल्या ज्या गावांत आजही कबरस्थानाला जागा नाही, तिथल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

इथवर आपण अँटिगनीच्या रांगेत उभे आहोत असे वाटून बरे वाटते. पण क्रिऑन आपल्या घरातही राहून गेला आहे. १९१७ च्या आपल्या धर्मनियमांप्रमाणे जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्तसभेचे दफनविधी नाकारले जात. जुन्या कबरस्थानांत अशांच्या कबरी वेगळ्या, कडेला. त्यामागेही क्रिऑनचाच विचार होता: यालाही तोच मान दिला तर बाकीच्यांना धाक काय राहील? १९८३ च्या नियमांतून ही बंदी गेली. ज्याने स्वतःला संपवले त्याच्या मनावर काय ओझे होते, त्याला किती भान उरले होते, हे देव जाणतो. आपण त्याच्यासाठी प्रार्थना करायची, असे आता ख्रिस्तसभा शिकवते. ज्या जिल्ह्यात कर्जापायी आणि दुष्काळापायी शेतकरी विहिरीशी जातात, तिथे हे प्रत्येक घराला माहीत असले पाहिजे. अजूनही एखादी आई अपरात्री फोन करून विचारते, की फादर, माझ्या पोराला देवळात आणू का? आणा. विचारायचेसुद्धा नाही.

नियम बदलला, पण आपण? एखाद्याने बाहेर लग्न केले, बांधावरून भावाशी कोर्टकज्जा केला, दारूपायी घर बुडवले, की त्याच्या मातीला जायचे नाही असे ठरते. हुकूम कोणी लिहीत नाही, पण वस्तीवर सगळ्यांना तो ठाऊक असतो. कबरीशी मी, दोन सिस्टर्स, पेटी उचलणारी चार पोरे आणि लांब झाडाखाली उभी एक बाई, अशा मातीही मी लावल्या आहेत. भाऊबंद घरी होते. बैलपोळा नव्हता, पेरणी नव्हती, घरीच होते.

आता पुन्हा चित्रपटाकडे. तो मला आवडला, पण एका ठिकाणी माझे त्याच्याशी भांडण आहे. सोफोक्लिसची अँटिगनी राजासमोर सांगते, की तुझ्या हुकमाहून जुने, कोणी न लिहिलेले देवांचे नियम आहेत आणि ते कधी सुरू झाले कोणाला माहीत नाही. निसर्गतः न्याय्य काय हे समजावताना ॲरिस्टॉटल हेच उदाहरण देतो. चित्रपटातली अँटिगनी कोर्टात आपल्या हृदयाचा दाखला देते. हृदय सांगते म्हणून केले. ऐकायला गोड आहे, आणि आजच्या मुलामुलींना ते लगेच पटते. पण हृदय म्हणजे विवेक नव्हे. क्रिऑनलाही हृदय होते आणि ते सूड मागत होते. दगड मारणाऱ्या जमावालाही हृदय असते. दुसऱ्या व्हॅटिकन सभेने १९६५ साली विवेकाविषयी जे सांगितले, त्यात भर याच्यावर आहे, की माणसाला आपल्या आत एक नियम सापडतो, जो त्याने स्वतः केलेला नाही. सापडणे आणि बनवणे यांत फरक आहे. आपल्याला जे हवे तेच विवेक नेहमी सांगत असेल, तर तो विवेक आहे का, हे तपासून पाहावे.

दुसरी गोष्ट, कपडे बदलून केलेली अदलाबदल. मूळ अँटिगनी पकडली जाते तेव्हा काही लपवत नाही. चित्रपटातली मुलगी आधी फसवते आणि मग शिक्षा सोसते. दुसऱ्याच्या जागी उभे राहणे आपल्याला परके नाही. आपला सगळा विश्वासच त्यावर उभा आहे. १९४१ साली ऑश्विट्झच्या छळछावणीत फादर मॅक्सिमिलियन कोल्बे एका बापमाणसाच्या जागी मरायला पुढे झाले. पण ते रांगेतून सर्वांसमोर पुढे आले आणि आपण कॅथलिक धर्मगुरू आहोत असे अधिकाऱ्याला सांगितले. वेष घेऊन नव्हे. प्रेमापोटी केलेली फसवणूकही फसवणूकच, हे मला त्या मुलीला सांगावे लागेल. मग तिने विचारले, की फादर, तुमच्या मार्गाने माझा भाऊ वाचला असता का, तर मला नाही म्हणावे लागेल. तरीही मी माझे म्हणणे मागे घेणार नाही, आणि ती तिचे घेणार नाही.

पण ज्यासाठी हा चित्रपट पाहावा ती गोष्ट वेगळीच आहे. मुलगी कोठडीत असताना तिला कळते, की मेलेला भाऊ इटिओक्लिस, ज्याला ती देवमाणूस समजत होती, तोही टोळीतला होता. बाहेर पोरे निरागस बळी म्हणून घोषणा देत आहेत आणि आत हिच्या पायाखालची जमीन सरकते. सोफोक्लिसकडे हे नाही. जुन्या नाटकात एक भाऊ चांगला आणि एक वाईट, असा हिशेब निदान राजाच्या वहीत तरी सरळ होता. इथे दोघेही डागाळलेले निघतात. अँटिगनी रडते, चिडते, पण आपले प्रेम परत मागून घेत नाही. तिला एक वाट दाखवली जाते, की भावाला पुन्हा मदत करणार नाही असे कबूल कर, या देशात राहा, शिक, मोठी हो. ती नाकारते आणि आपल्या माणसांबरोबर देश सोडते. भाऊ निर्दोष आहे हे सिद्ध झाले तरच तो भाऊ, असे जर असते, तर आपल्यापैकी कितीजणांना भाऊ उरला असता?

तिच्या बहिणीबद्दल, इस्मेनीबद्दल, एक शब्द. नाटकात ती आधी घाबरते आणि नंतर शिक्षेत वाटा मागायला येते, तेव्हा अँटिगनी तिला झिडकारते. मला हे कधीच आवडले नाही. धैर्यवान माणसाला घाबरट माणसाचा राग येतो, हे मी चांगल्या-चांगल्या कार्यकर्त्यांत पाहिले आहे. चित्रपटातली इस्मेनी केस कापण्याच्या दुकानात काम करते आणि तिला फक्त साधे आयुष्य हवे आहे. वस्तीवर बहुतेकजण इस्मेनी असतात. त्यांना जायचे असते, पण कोणीतरी आधी उठावे लागते. रिस्पा सात प्रेतांशी बसली तेव्हा बाकीच्या घरांतल्या बायका कुठे होत्या, हे शास्त्र सांगत नाही. मला वाटते, रात्री कोणीतरी तिला पाणी आणून देत असेल.

सूचना: २ नोव्हेंबरची मिस्सा कबरस्थानात सायंकाळी ५ वाजता होईल. त्याआधीच्या शनिवारी सकाळी ७ वाजता साफसफाई आहे. आपापल्या घरच्या कबरी झाल्यावर मागच्या कुंपणाकडे या. तिथल्या काही कबरींवर नावे नाहीत, क्रूस पडलेले आहेत आणि बाभळी वाढल्या आहेत. त्या कोणाच्या, हे जुन्या माणसांपैकी ज्यांना आठवत असेल त्यांनी मला येऊन सांगावे. वहीत लिहून घेतो. युवक मंडळाने कुऱ्हाड आणि दोन पाट्या आणाव्यात. खुरपे ज्याचे त्याने आणावे.